देवीचं फडकं आणि स्टेरिंगची नळी

ये गं, इकडे ये. अशी दारात चपला पायात ठेवून काय उभी राहतेस, वसुलीला आल्यासारखी? बस इथं, माझ्या गुडघ्याशी. केसांना तेल नाही, पोटात धड काही नाही, आणि घड्याळाकडे बघायचं काम मात्र अखंड चालू. हे मी लिहिते आहे खरं, पण तू वाचशील तेव्हा असं समज की मी तुझं मनगट धरून तुला बसवलंय आणि उठू देत नाही. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून आणि लॉऱ्यांच्या मागच्या पाट्या वाचून. तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नकोस माझं.

मागल्या खेपेला तू निघता निघता हसत म्हणालीस, "आजी, आजोबांनी ताडी पिऊन लॉरी चहाच्या हॉटेलात घातली होती ना गं?" सगळे हसले. पाहुणे होते म्हणून मीही तोंडाला पदर लावला. पण तुम्ही गेल्यावर भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली, काय पडलं म्हणून.

ताडी! ज्या माणसाला ताडीचा नुसता वास आला तरी मळमळायचं, हळदीच्या मांडवात सगळे पीत बसले की जो वाऱ्याच्या दिशेनं उठून लांब जाऊन बसायचा, त्याच्या नावावर ताडी! आणि तीही घरच्या पोरीच्या तोंडून. तुझा दोष नाही, तू ऐकलंस तेच बोललीस. पण हे सुरू कुणी केलं आणि का केलं, ते आज ऐकूनच जा. गोड करून सांगायला मला येतं, पण या गोष्टीत मी गूळ घालणार नाही.

तेव्हा आपलं घर खाडीच्या बाजूला होतं, मिठागरांना लागून. तुझा बाप कडेवर होता. गावातले सगळे पुरुष एकतर शेतात नाहीतर मिठागरावर. तुझे आजोबा एकटेच ड्रायव्हर. लायसन एका चामड्याच्या पाकिटात असायचं, आणि ते पाकीट मी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवायचे, पोराचा हात पोचू नये म्हणून. ते गेलं की पुन्हा मिठात उतरायचं, एवढं आम्हा दोघांना पुरतं कळत होतं. मिठानं त्यांच्या बापाच्या पायांची काय दशा केली होती ती त्यांनी रोज पाहिली होती.

लॉरी शेठची. पनवेलात त्याची भाताची गिरणी होती. पेणच्या बाजूच्या गावांतून भाताची पोती भरायची, पळस्प्याच्या फाट्यावरून पनवेलला गिरणीत आणून टाकायची, हे आजोबांचं काम. लॉरी लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेली. आवाज असा करायची की म्हशी दूध चोरायच्या. पण आजोबांना तिचं भारी कौतुक. मला कधी धुवायला दोन बादल्या पाणी आणून दिलं नसेल, पण तिला रोज विहिरीचं पाणी.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टेरिंगच्या गोल चक्राखालून एक लोखंडी नळी निघते आणि तिरकी खाली ड्रायव्हरच्या पायांशी जाते. त्या नळीच्या पोटात दांडा असतो. चक्र फिरलं की दांडा फिरतो, दांडा फिरला की पुढची चाकं वळतात. ही विद्या मला आजोबांनी चुलीच्या फुंकणीत काठी घालून समजावली होती. तर त्या नळीवर दर दसऱ्याला शेठची आई देवीचं लाल फडकं बांधायची. गावदेवीच्या ओटीतल्या खणाची पट्टी फाडायची, कुंकू लावायचं, वरून नारळाचं पाणी शिंपडायचं आणि गच्च गाठ मारायची. पुढच्या दसऱ्याला नवी पट्टी, जुनीच्या वर. जुनी सोडायची नाही. देवीनं बांधलेलं माणसानं सोडलं तर राखण सुटते, असं सगळे मानायचे. आपल्याकडे सगळ्याच गाड्यांवर काही ना काही बांधलेलं असायचं, पण या लॉरीवर थरावर थर. कुंकू, तेल, ग्रीस, सगळं जिरून झाडाच्या सालीसारखं कडक झालेलं. आजोबा लॉरीत चढताना आधी त्या फडक्याला हात लावायचे, तो हात कपाळाला, मग चावी.

त्यांच्या आधी एक दुसरा ड्रायव्हर होता. त्यानं ही लॉरी एका मोरीच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर घातली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. देवीनं राखलं म्हणून त्या साली पट्टी नाही, अख्खा खण गुंडाळला नळीला. तो ड्रायव्हर भिऊन काम सोडून गेला आणि त्याच्या जागी तुझे आजोबा लागले. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या मोरीत लॉरीला काय झालं होतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे आम्हाला नव्हतं.

मग नळीतून कुरकुर यायला लागली. पोती भरलेली असली आणि वळण आलं की यायची, लॉरी रिकामी असताना नाही. आजोबांनी शेठला सांगितलं, "शेठ, नळीत कायतरी घासतंय. मेस्त्रीला दाखवूया."

शेठ म्हणाला, "अरे, जुनी गाडी आहे. म्हातारं माणूस उठता-बसता कण्हतं की नाही? तुझी आई कण्हते तेव्हा तिला मेस्त्रीकडे नेतोस का?"

गिरणीवरचे सगळे हसले. आजोबाही हसले. घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो. शेठनं आपल्या आईला त्या लॉरीत बसवून पेणपर्यंत पाठवलं असतं का, हे कुणी विचारलं नाही.

सुगी चालू होती. लॉरी पोत्यांनी भरून येत होती. पळस्प्याच्या फाट्यावर वळताना स्टेरिंग अर्ध्यात अडकलं. पुढं जाईना, मागं येईना. समोर चहाचं हॉटेल, म्हणजे कुडाच्या भिंतींचं एक झोपडंच, आणि बाहेर बाकड्यावर हॉटेलवाल्याची म्हातारी आई वाल सोलत बसलेली. आजोबांनी ब्रेकवर पाय दिला आणि खिडकीतून बाहेर डोकं काढून बोंब मारली, "म्हातारे, ऊठ! बाजूला हो!" म्हातारी उठली, दोन पावलं गेली, तोवर लॉरी झोपडीत. कूड कोसळला, बाकडं उडालं आणि तिच्या पायावर आलं. पाय मोडला. बाकी कुणाला काही नाही.

पोलीस आले, शेठ आला. पळस्प्याच्या माणसांनी मला नंतर सांगितलं ते असं, की शेठनं आधी लॉरीचे दिवे पाहिले, मग पोती पाहिली, आणि मग कुठं म्हातारीकडे नजर गेली. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ताडी मारून बसला असणार. या लोकांचं काय सांगायचं? सकाळी चहा नसला तरी चालेल, ताडी हवी."

या लोकांचं! आमच्या हातचं भात तुझ्या गिरणीत, आमच्या मिठाची चव तुझ्या आमटीत, आणि आम्ही 'हे लोक'.

हवालदारानं आजोबांच्या तोंडाचा वास घेतला. "विडी आहे," म्हणाला. "हल्ली ताडीवाले वर विडी ओढतात," शेठ म्हणाला. झालं. त्या एका वाक्यावर सगळं ठरलं. मला घरी निरोप आला तेव्हा ताडी आधी आली, अपघात मागून आला.

लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं. जामीन झाला, आजोबा घरी आले आणि ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले. मी विचारलं, "काय झाला, निदान मना तरी सांगा."

"अडकला. हाड मोडल्यावानी आवाज आला नळीतना. मी पुरा जोर लावला. नाय फिरला."

"मग तसा सांगितलंत काय पोलिसांना?"

"सांगितला. ते बोलतात, मोटार इन्स्पेक्टर येल, गाडी बघंल. दोष गाडीत असंल तर तू सुटशील. नायतर लायसन रद्द, आनी कोर्टात शिक्षा."

म्हणजे सगळं त्या तपासणीवर आलं. मी मनात म्हटलं, चला, लोखंड तरी खोटं बोलत नाही.

तपासणीच्या दिवशी मी शेतात कापणीला होते. काम आटोपून तशीच तडक पोलीस चौकीवर गेले, कमरेला विळा खोचलेला. दारातला हवालदार म्हणाला, "ए बाई, विळा बाहेर ठेव. हे सरकारी आवार आहे."

मी म्हटलं, "ठेवते. कोनी नेला तर तुमी उद्या येऊन माजा भात कापाल काय?"

त्यानं मान हलवली आणि विळ्यासकट जाऊ दिलं. आवारात लॉरी उभी होती, रिकामी, पुढचा भाग ठोकळ्यांवर उचललेला. शेठ होता. शेठची आईही आली होती, ताटात नारळ आणि हार घेऊन. आज गाडी सुटणार अशी त्यांची खात्रीच होती. तुझे आजोबा एका कडेला हात जोडून उभे, चोरासारखे.

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता, हेही सांगते. गोणपाट अंथरून तो स्वतः लॉरीखाली झोपला. हातोडीनं ठोकून पाहिलं. ब्रेक पाहिला. हवालदाराला वर बसवून स्टेरिंग फिरवायला लावलं आणि खालून चाकं वळतात का ते पाहिलं. वळली. का नाही वळणार? पोती नाहीत, चाकं हवेत. मग तो वर चढला. पायाशी पाहिलं, चक्र हलवून पाहिलं आणि नजर आली त्या नळीवर. लाल फडक्यावर. त्यानं काय केलं माहीत आहे? दोन्ही हात जोडले, डोळे मिटून नमस्कार केला, आणि खाली उतरला.

"गाडीत दोष दिसत नाही," तो म्हणाला.

शेठनं लगेच आजोबांकडे पाहिलं. असं पाहिलं, की मला वाटलं विळा खरंच बाहेर ठेवला असता तर बरं झालं असतं.

मी आजोबांना ओढून चिंचेच्या झाडामागं नेलं.

"अवो, आवाज कुठना आला होता?"

"नळीतना."

"मग त्यानं नळी कुठं बघितली? त्यानं फडका बघितला. सांगा त्याला, फडका काढून बघा म्हनून."

आजोबा एक पाऊल मागं सरले. "खुळी झालीस काय? देवीचा हाय तो."

"देवीचा हाय तर देवी काय बोलनार हाय, नळी बघू नका म्हनून?"

"मी रोज हात लावून पाया पडतो त्याच्या. तो काढायचा मी माज्या तोंडानं सांगू? पोर हाय आपल्याला. कायतरी झाला तर?"

"आनी लायसन गेला तर? मग देवी चालवनार काय लॉरी?"

"गप बस. जोरात बोलू नकोस."

बघ आता. ज्याच्या मानेवर सुरी, तोच सुरीला हार घालून उभा! शेठचा राग होताच, पण त्या घडीला मला सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या नवऱ्याचा. लोखंड खरं बोलायला तयार होतं आणि हाच माणूस त्याच्या तोंडावर हात ठेवून उभा होता. तो भित्रा नव्हता गं. भरलेली लॉरी घाटातून उतरवणारा माणूस. पण त्या चिंध्यांपुढं त्याचं पाणी पाणी झालं.

मी सरळ इन्स्पेक्टरसमोर जाऊन उभी राहिले. "सायेब, फडक्याखालची नळी बघितलीत काय?"

"बाई, ते देवाचं आहे. नळी सरळ आहे, दिसते आहे मला."

"दिसतोय तो फडका. नळी कुठं दिसते?"

त्याला पटलं असावं, कारण तो पुन्हा लॉरीकडे वळला. शेठ मात्र पुढं आला. "साहेब, या बाईचं काय ऐकता? आईनं हातानं बांधलंय ते. कुणी हात लावला तर मी खपवून घेणार नाही."

इन्स्पेक्टर शेठच्या आईकडे वळला. अगदी नम्रपणे विचारलं, "आजी, सोडू का? पुन्हा बांधता येईल."

"नाही हो, मुळीच नाही," म्हातारी म्हणाली. "मोरीवर देवीच्या फडक्यानंच राखलं होतं गाडीला. ते सोडू नका."

इन्स्पेक्टरनं हात पसरले. म्हणजे सरकार, पोलीस, शेठ, माझा नवरा, सगळे एका चिंधीपाशी येऊन थांबले. मी आजोबांकडे एकदा पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

लॉरीचं दार उघडंच होतं. मी पायरीवर चढले, कमरेचा विळा काढला आणि नळीच्या कडेनं फडक्यात घातला. भाताची पेंढी कापायचे तसं वरून खाली ओढलं. एका ओढीत होईना, इतकं कडक. दुसऱ्या ओढीला गाठी तटातटा सुटल्या. मागं आरडाओरड. हवालदार धावला, शेठ ओरडला, "धरा तिला!" शेठच्या आईनं किंकाळी फोडली आणि ताटातला नारळ घरंगळला. मी सगळी साल ओरबाडून काढली आणि बाहेर टाकली.

इन्स्पेक्टर माझ्यावर कडाडला, "बाई, तपासणीच्या गाडीला हात लावलात तुम्ही! गुन्हा आहे हा!"

"हात नाय लावला, विळा लावला," मी म्हटलं. "आता तुमी हात लावा."

त्यानं लावला. त्याला लावावाच लागला, कारण फडकी निघाली तशी ती नळी बोटभर खाली बसली आणि तिच्याबरोबर चक्रही. सगळ्यांना दिसलं. नळीच्या मधोमध वेल्डिंगचा जाड वळ होता. आपल्याकडे फुटक्या हंड्याला डाग देतात ना, तसा, पण अडाणी हातानं दिलेला, ओबडधोबड. आणि त्या वळाला अर्ध्या घेराची चीर गेली होती. आतलं लोखंड एका जागी काळं, एका जागी ताजं चकचकीत. इतके महिने ती नळी धरून ठेवली होती ती त्या चिंध्यांनीच. वजन नसलं की धरायच्या, पोती भरली की नळी झोल खाऊन आतल्या दांड्याला आवळायची.

इन्स्पेक्टर वर चढला, हवालदाराला म्हणाला, "नळी दाबून धर खाली." आणि स्वतः स्टेरिंग फिरवलं. अर्ध्यात आलं आणि कर्रर्र करून अडकलं.

तुझे आजोबा त्या आवाजानं पुढं धावले. "ह्योच! सायेब, ह्योच आवाज! द्येवाशपत ह्योच!"

आता लहान पोरासारखे ओरडत होते, ह्योच, ह्योच.

"ही नळी कधी जोडली?" इन्स्पेक्टरनं शेठला विचारलं.

"मला काय माहीत? लष्कराची गाडी आहे. त्यांनीच जोडली असेल."

मग शेठची आई बोलली. कुणाकडेच न बघता, त्या चिंध्यांकडे बघत. "मोरीवरून गाडी आणलीस तेव्हा जुन्या पट्ट्या फाटल्या म्हणालास, आणि तूच आग्रह केलास. पट्टी नको, अख्खा खण बांध म्हणालास. चांगला घट्ट बांध, म्हणालास."

"आई, तू गप्प बस. जा, गाडीत जाऊन बस."

"कुठल्या गाडीत?" ती म्हणाली.

शेठ स्वतःच्या मोटारीतून आला होता. ती त्या मोटारीत बसली नाही. वाकून एकेक चिंधी उचलली, पदरात गाठ मारली आणि चौकीच्या दारातून चालत निघून गेली. माझ्या अंगावरून गेली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिच्या श्रद्धेचा तिच्याच पोरानं बोळा केला होता आणि भोकात कोंबला होता. एवढंच सांगते, आवारातल्या सगळ्या माणसांत मला फक्त तिचा राग आला नाही.

इन्स्पेक्टरनं लिहिलं, दोष गाडीचा. पुढं तारखा पडत राहिल्या, त्या अवधीत आजोबा मिठागरावर गेले, पायाला भेगा पडल्या, आणि शेवटी लायसन हातात आलं. सुटले. तुला वाटेल, मग झालं की आजी, आता कशाला चिडतेस?

ऐक, कशाला चिडते ते. लायसन मिळाल्यावर पहिली गोष्ट काय केली तुझ्या आजोबांनी? नारळ घेऊन देवीच्या देवळात गेले, माफी मागायला. बायकोनं फडकं कापलं म्हणून! मी दारातच अडवलं.

"माफी तुमी मागनार? कशाची?"

"तुज्यासाठीच मागतोय."

"माज्यासाठी मागू नका. मागायची असेल तर शेठनं मागायची. आनी देवीजवळ नाय, पळस्प्याच्या म्हातारीजवळ."

पण गेलेच ते. प्रसादाचं खोबरं घेऊन आले. खोबरं मी खाल्लं, प्रसादावर माझा राग नव्हता. पण त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशीही फक्त पोरामार्फत बोलले.

पळस्प्याच्या म्हातारीला भेटायला मी जात असे. कधी भेंडी, कधी सुकट घेऊन. पाय वाकडाच बसला तिचा. ती मला म्हणाली, "तुज्या नवऱ्यानं बोंब मारली म्हनून पायावर भागला, नायतर मी मेलीच व्हते. प्यालेला मानूस असा बोंबलंल काय? मी पोलिसांना सांगितला. त्यांनी लिवून नाय घेतला." म्हणजे खरं काय ते पहिल्याच दिवशी एका म्हातारीनं सांगितलं होतं. पण तिच्या बोलण्याला किंमत नव्हती आणि शेठच्या एका वाक्याला होती.

ते वाक्य शेठनं परत घेतलंच नाही. लॉरीला नवी नळी आणली, मुंबईहून. जुनी नळी जोडणाऱ्या मेस्त्रीला काढून टाकलं. गिरणीवर काय सांगत फिरला? "बाईनं साहेबासमोर तमाशा केला, म्हणून सुटला. प्यायलेला तर होताच." निकाल लागला कोर्टात, पण नाक्यावर, गिरणीवर, मासळीबाजारात चाललं ते शेठचंच. मी सांगायचे, पण मी काय, त्याची बायको. बायको नवऱ्याची बाजू घेणारच, असं म्हणून लोक मासळी निवडायला लागायचे. आजोबा म्हणायचे, "सोड. लायसन मिळाला ना?" ते सोडत गेले. आणि सोडलेलं वाक्य घराघरांतून फिरत राहिलं.

बऱ्याच वर्षांनी शेठ मला एसटी स्टँडवर भेटला. पांढरा झाला होता. ओळखलं त्यानं. "काय वहिनी, बरं आहे ना? झालं गेलं विसरा."

मी म्हटलं, "विसरते शेठ. आत्ता एसटीत बसू, पळस्प्याला उतरू. त्या म्हातारीच्या पायाला हात लावा आनी चारचौघांत सांगा, ड्रायव्हर प्याला नव्हता, नळी मीच जोडून घेतली होती. तिकीट मी काढते."

तो हसला. "तुमचा स्वभाव काही गेला नाही," म्हणाला, आणि दुसऱ्याच गाडीकडे चालायला लागला.

आजोबा नंतर दुसऱ्या मालकाच्या लॉरीवर गेले आणि शेवटपर्यंत चालवत राहिले. दसऱ्याला हार घालायचे, नारळ फोडायचे, सगळं करायचे. फक्त नळीला काही बांधू देत नसत. मालकानं विचारलं तर म्हणायचे, "पुढं बांधा, आरशाला बांधा, नळी मोकळी ऱ्हाऊ दे." मी बरोबर होते असं मात्र तोंडानं एकदाही म्हणाले नाहीत. मेले बिचारे, पण म्हणाले नाहीत. आणि त्याचाही मला राग आहे, लिहून ठेव.

आता ते नाहीत, शेठ नाही, ती म्हातारी नाही. उरले मी, आणि माझं ऐकायला भिंत. भिंतीशी भांडून समाधान होत नाही गं, ती उलट बोलत नाही. तू ये. एका दिवसाची नको येऊस, चांगली चार दिवस राहायला ये. वाल भिजत घालते, बिरड्याची उसळ करते. आणि तू माझ्यासमोर बसून विचार, नीट, एकेक करून विचार, म्हणजे मी पुन्हा सगळं पहिल्यापासून चिडून सांगेन. लवकर ये.